चवली आणि चवन्नी

माझ्या दादीजवळ हिरव्या मखमलीचा एक बटवा होता. त्यात सुपारी, लवंगा, वेलदोडे आणि एक लहानसा अडकित्ता असे. घरातल्या मुलांना त्या बटव्याला हात लावायची परवानगी नव्हती. पण आमचे लक्ष सुपारीपेक्षा बटव्याच्या आतल्या कप्प्याकडे असे. त्या कप्प्यात एकच नाणे होते. ते चौकोनी होते, त्याचे कोपरे गोल केलेले होते आणि रंग पिवळसर होता. एका बाजूला मुकुट घातलेला इंग्रज बादशहा होता. दुसऱ्या बाजूला दोनचा आकडा होता आणि त्याच्याभोवती चार लिप्यांत नाण्याची किंमत लिहिलेली होती. दादी ते नाणे कधी खर्च करीत नसे आणि कोणाला देतही नसे.

मी तेव्हा तिसरीत होतो. मालेगावात पतंगांचे दिवस आले होते. गल्लीतल्या प्रत्येक मुलाच्या हातात मांजा होता आणि माझ्या हातात काहीच नव्हते. एका दुपारी दादीचा डोळा लागला होता. मी बटवा हळूच उघडला, ते नाणे काढले आणि धावत पतंगाच्या दुकानात गेलो.

दुकानदार म्हातारे होते. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. त्यांनी नाणे उलटसुलट करून पाहिले आणि ते हसले.

"अरे, ही तर चवली! हिला बंद होऊन किती वर्षे झाली! आता हिचा पतंग येत नाही, पोरा."

मला चवन्नी ठाऊक होती. आमच्या घरी पंचवीस पैशांच्या नाण्याला चवन्नी म्हणत. पतंग पंधरा पैशांचा होता. मी म्हणालो, "काका, चवन्नी आहे ना? मग दहा पैसे परत द्या."

"चवन्नी नव्हे रे, चवली! तुमची चवन्नी म्हणजे आमची पावली. चवली तिच्या निम्मी."

मला काहीच उमगले नाही. नाणे मुठीत घट्ट धरून मी घरी आलो. दारात दादी उभी होती आणि तिच्या हातात उघडा बटवा होता. आता पाठीत धपाटा बसणार, असे वाटून मी डोळे मिटले. पण दादीने मला मारले नाही. तिने नाणे परत घेतले, ओढणीच्या टोकाने पुसले आणि मला जवळ बसवून विचारले, "दुकानदार काय म्हणाले?"

मी सगळे सांगितले. 'चवली' हा शब्द ऐकताच ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने मला त्या नाण्याची गोष्ट सांगितली.

ती गोष्ट समजण्यासाठी आधी जुना हिशेब समजून घ्यायला हवा. त्या काळी रुपयाचे शंभर पैसे नव्हते. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे आणि एका पैशाच्या तीन पया होत. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पया. 'पै-पैचा हिशेब' असे आपण मराठीत म्हणतो आणि उर्दूत 'पाई-पाई का हिसाब' म्हणतो, ती हीच पै.

नाण्यांवर सरकारने छापलेली नावे वेगळी असत आणि लोकांच्या तोंडची नावे वेगळी असत. लोकांना लांबलचक नावे आवडत नाहीत. दिवसातून दहा वेळा जी वस्तू हातात येते, तिला ते घरातल्या मुलासारखे लाडके आणि सुटसुटीत नाव देतात. उर्दू बोलणाऱ्यांनी 'चौ' आणि 'आना' जोडून चार आण्यांच्या नाण्याला 'चवन्नी' म्हटले. त्याच रीतीने आठ आण्यांची अठन्नी झाली, दोन आण्यांची दुअन्नी झाली आणि एका आण्याची इकन्नी झाली. म्हणजे या नावांत आणे मोजले गेले.

मराठी माणसाने काही नावे वेगळ्या रीतीने ठेवली. त्याने आणे मोजले नाहीत, रुपयाचे भाग मोजले. चार आणे म्हणजे पाव रुपया, म्हणून ती 'पावली'. आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, म्हणून ती 'अधेली'. सुटे न केलेला अख्खा रुपया तो 'बंदा रुपया'. आणि दोन आण्यांच्या नाण्याला मराठीत नाव होते 'चवली'.

फसगत होते ती इथेच. चवली आणि चवन्नी या दोन्ही शब्दांची सुरुवात 'चव' अशी होते. घाईत ऐकले तर कानाला फरक कळत नाही. पण चवली दोन आण्यांची आणि चवन्नी चार आण्यांची! नावे बहिणींसारखी, पण किंमत दुप्पट. या एका फरकापायी माझ्या दादीच्या हातून एक मोठी चूक घडली होती.

दादीचे माहेर उत्तरेकडच्या मऊ या विणकरांच्या गावी होते. लग्न होऊन ती मालेगावात आली, तेव्हा दुसरे महायुद्ध चालू होते. आमच्या गल्लीत तेव्हा हातमाग होते आणि त्यांवर रंगीत लुगडी विणली जात. दादी दिवसभर कांड्या भरी. तिला उर्दू लिहिता-वाचता येत होते, पण मराठीचा एक शब्दही तिच्या कानावरून गेलेला नव्हता.

ते युद्धाचे दिवस महागाईचे होते. नाण्यांसाठी लागणारा धातू लढाईच्या कामी जात होता. १९४३ साली सरकारने पैशाचे नाणेसुद्धा मधोमध भोक पाडून काढले, म्हणजे तेवढाच धातू वाचावा. बाजारात खुर्दा मिळत नसे. खुर्दा म्हणजे सुटे पैसे. हा शब्द फारसीतून आला आणि उर्दूइतकाच मराठीचाही झाला. पण शब्द दोघांचा असला, तरी खुर्दा कोणाकडेच नव्हता. रुपया मोडायचा म्हणजे दहा दुकाने फिरावी लागत.

अशा दिवसांत दादी पहिल्यांदाच एकटी आठवडी बाजाराला गेली. मोसम नदीच्या पलीकडच्या एका खेड्यातली एक बाई भाजी घेऊन बसली होती. दादीने वांग्यांचा एक वाटा आणि मेथीची जुडी उचलली आणि हाताने खूण करून किंमत विचारली.

"चवली," भाजीवाली म्हणाली.

दादीने ऐकले 'चवन्नी'. तिला दर जरा जास्त वाटला, पण घासाघीस करायला भाषा कुठे होती? तिने बटव्यातून चांदीची चवन्नी काढून दिली. भाजीवालीने ती पाहिली, आपल्या पिशवीत हात घातला आणि मान हलवली. मग ती काहीतरी भराभर बोलली आणि उठून शेजारच्या दुकानाकडे गेली. दादीला वाटले, सौदा झाला, बाई आपल्या कामाला गेली. तिने बुरखा सावरला आणि ती घरी आली.

घरी शेजारणीने भाजी पाहून विचारले, "केवढ्याला आणलीस?"

"चवन्नीला."

"चवन्नी! अगं, ही तर दोन आण्यांची भाजी. लुटले तुला!"

दोन आणे ही तेव्हा लहान रक्कम नव्हती. ते कांड्या भरून मिळवलेले पैसे होते. दादीला रडू आले आणि रडण्यामागून राग आला. ती म्हणाली, "परकी पाहून फसवले मला." मग जी कोणी भेटेल, तिला ती तेच सांगू लागली. पाण्याच्या नळावर सांगितले, मागावर सांगितले, लग्नघरी सांगितले. गल्लीतल्या बायांनी त्या भाजीवालीला नाव ठेवले 'चवन्नीवाली'. 'चवन्नीवालीकडून काही घेऊ नका गं,' असे एकमेकींना सांगून त्या तिला टाळू लागल्या.

तीन बाजार असे गेले. दादी त्या बाजूला फिरकली नाही. चौथ्या बाजारी ती दुसऱ्या ओळीत कांदे पाहत होती. तेवढ्यात मागून कोणीतरी तिचा हात धरला. पाहते तो तीच भाजीवाली! तिच्या अंगावर मालेगावचेच लुगडे होते. तिने लुगड्याच्या पदराची गाठ दातांनी सोडली, आतले चौकोनी नाणे काढले आणि दादीच्या तळहातावर ठेवले.

"बाई, तुमची चवली राहिली माझ्याकडं. सुटे आणायला गेले, तर तुम्ही निघून गेल्या. किती दिवस शोधते तुम्हाला!"

दादीला ते शब्द कळले नाहीत. कांदेवाल्याला थोडी उर्दू येत होती, त्याने ते समजावून सांगितले. दादीने तळहातावरचे नाणे पाहिले. त्याच्यावर किंमत नागरीतही लिहिलेली होती आणि उर्दूतही. एवढ्याशा नाण्याला दोघींची भाषा येत होती. दोघींना मात्र एकमेकींची येत नव्हती.

"मी तीन आठवडे तिला चोर म्हणत होते," दादी मला म्हणाली, "आणि ती तीन आठवडे माझे दोन आणे पदरात बांधून मला शोधत होती."

त्या दिवशी भाजीवालीची टोपली भरलेलीच होती. आमच्या गल्लीतली गिऱ्हाइके का तुटली, हे तिला ठाऊक नव्हते. दादीला ठाऊक होते. तिने भाजीवालीचे दोन्ही हात हातात घेतले, पण काय बोलावे हे तिला कळेना. माफी मागायलासुद्धा शब्द लागतात. ते तिच्याजवळ नव्हते.

घरी आल्यावर दादी गल्लीतल्या प्रत्येक दारात गेली. "चूक माझी होती, ती बाई सच्ची आहे," असे तिने सांगितले. काहींनी ऐकले. काही हसल्या. एक म्हणाली, "तुझे पैसे मिळाले ना? मग झाले तर!" हळूहळू गल्लीतल्या बाया पुन्हा तिच्याकडून भाजी घेऊ लागल्या. पण 'चवन्नीवाली' हे नाव काही गेले नाही. ते का पडले, हे पुढे लोक विसरूनही गेले. ती बाई म्हातारी झाली, तिची सून भाजी विकायला बसू लागली, तरी आमच्या गल्लीत तिला चवन्नीवालीची सूनच म्हणत. दोन आणे तीन आठवड्यांत परत आले. तोंडातून गेलेला शब्द दादीला जन्मभर परत मिळाला नाही.

म्हणून तिने ते नाणे खर्च केले नाही. त्यानंतर ती मराठी शिकली, आणि शिकायला सुरुवात केली ती चवली, पावली, अधेली या शब्दांपासून. ती मला म्हणाली, "बेटा, समोरच्याचे बोलणे खटकले, तर आधी त्याचा शब्द विचारून घे. माणसाचा निवाडा त्यानंतर."

मी मोठा झालो, उर्दू शाळेत मराठी शिकलो, तेव्हा या नावांकडे मी अधिक लक्ष देऊन पाहू लागलो. मला एक कोडे पडले होते. आणे बंद झाल्यावर चवन्नी आणि अठन्नी हे शब्द टिकले, मग चवली का नाहीशी झाली?

उत्तर गणितात सापडले. १ एप्रिल १९५७ पासून आपल्या देशात दशमान नाणी आली. रुपयाचे शंभर भाग झाले. जुन्या पैशाशी घोटाळा होऊ नये म्हणून या भागाला 'नया पैसा' म्हणत. १९६४ साली त्यातला 'नया' गेला आणि नुसता पैसा राहिला. आता सोळा आण्यांचे शंभर पैसे करायचे, तर एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. दोन आण्यांचे साडेबारा होतात. पाव पैसा आणि अर्धा पैसा द्यायचा कसा? म्हणून सरकारी कोष्टकात एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा आणि तीन आण्यांचे एकोणीस नये पैसे धरले. पण चार आण्यांचे बरोबर पंचवीस होतात आणि आठ आण्यांचे बरोबर पन्नास. इथे काही तुटत नाही, काही उरत नाही. म्हणून पंचवीस पैशांच्या नव्या नाण्याने चवन्नीचे नाव घेतले आणि पन्नास पैशांच्या नाण्याने अठन्नीचे. मराठी माणूसही त्यांना 'चार आणे' आणि 'आठ आणे' म्हणत राहिला. चवलीला मात्र नव्या हिशेबात जागा मिळाली नाही. नाणे गेले, तसे तिचे नावही बाजारातून गेले.

पुढे चवन्नीचीही वेळ आली. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणे चलनातून बाद झाले. परंतु शब्द इतक्या सहजासहजी बाद होत नाहीत. पूर्ण खरे असेल त्याला आपण 'सोळा आणे खरे' म्हणतो. एखाद्याची अक्कल थोडी अपुरी वाटली, तर त्याची 'पावली कमी आहे' असे मराठीत गमतीने म्हणतात. म्हणजे रुपयात चार आणे कमी! हलक्या वस्तूला किंवा हलक्या वागण्याला उर्दू-हिंदीत 'चवन्नी छाप' म्हणतात. मूळ वस्तूपेक्षा वरचा खर्च जास्त झाला, की 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण दोन्ही भाषांत तितक्याच हौसेने वापरतात. ज्यांनी आणा कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही, अशी मुलेही हे शब्द बोलतात.

याच चार आण्यांना एकेकाळी मोठा मानही होता. १९२० साली नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेसची नवी घटना मंजूर झाली आणि सभासदाची वार्षिक वर्गणी चार आणे ठरली. त्यामुळे शेतकरी, मजूर, विणकर अशा साध्या माणसांनाही स्वातंत्र्याच्या चळवळीत सभासद म्हणून येता आले. म्हणजे चवन्नी हलकीच असते असे नाही. ती कोणाच्या हातातून, कोणत्या कामासाठी येते, त्यावर तिची किंमत ठरते.

दोन भाषांमध्ये राहणाऱ्या आपल्यासारख्यांना असे शब्द वारंवार भेटतात. उर्दूत 'अधेला' म्हणजे अर्धा पैसा. मराठीत 'अधेली' म्हणजे अर्धा रुपया. फक्त एका मात्रेचा फरक, पण जुन्या हिशेबाने किंमत चौसष्ट पट! कानाला ओळखीचा वाटणारा शब्द खरोखर ओळखीचा असतोच असे नाही. अनोळखी शब्द आपण विचारून घेतो. ओळखीचा वाटणारा शब्द मात्र आपण विचारत नाही, आणि तिथेच चुकतो.

दादी जाऊन आता बरीच वर्षे झाली. तिचा बटवा माझ्याजवळ आहे. मखमल विटली आहे, अडकित्त्याला गंज चढला आहे. चवली मात्र आतल्या कप्प्यात तशीच आहे. तिच्यावर दोनचा आकडा अजून स्पष्ट दिसतो, आणि त्याच्या बाजूंना नागरी व उर्दू अक्षरेही दिसतात.

परवा माझ्या नातीने ते नाणे हातात घेऊन विचारले, "दादाजान, हे केवढ्याचे आहे?"

मी म्हणालो, "आज याचे काहीच येत नाही, बेटा. पण तुझ्या पणजोबांच्या आईला हे फार महाग पडले होते."

"माझ्या पणजोबांच्या आईला?"

"हो, माझ्या दादीला. बस इथे, सांगतो."

ती माझ्याजवळ बसली आणि मी तिला तो शब्द आधी नीट म्हणायला शिकवला: चवली.